एका हातानं उघडणारा चाकू : चिंचवड ते चाकण आणि थोडं पुढे

मागच्या महिन्यात या ब्लॉगच्या एका वाचक मुलीनं मला विचारलं, "आजी, रोज जवळ ठेवायला पहिलाच चांगला घडीचा चाकू घ्यायचाय, काय पाहून घेऊ?" तिला वाटलं असेल, इतकी भटकलेली बाई एखाद्या कंपनीचं नाव सांगून मोकळी होईल. मला तसं नाव सांगता येत नाही. मी आयुष्यात एकच चाकू घेतला आणि तो मिळवायला चिंचवडहून थेट चाकण गाठावं लागलं. तेव्हा तो प्रवासच सांगते. पन्नासचं दशक, दिवाळी नुकतीच सरलेली, सकाळी अंगावर काटा येईल इतपत थंडी, आणि मी एकोणीस वर्षांची.

आधी माझ्या हाताबद्दल सांगायला हवं. लहानपणीच्या एका तापात माझा डावा हात गेला. गेला म्हणजे आहे, जागेवर आहे, पण बोटांत पकड नाही. तळव्याखाली एखादी वस्तू दाबून धरता येते, चिमटीत धरता येत नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, वाईकडचे. चिंचवडला एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून आले आणि आम्ही तिथलेच झालो. घरात डब्याचं झाकण, बाटलीचं बूच, पुडक्याची गाठ, काहीही असो, माझ्यापुढे येईपर्यंत अण्णांनी ते उघडलेलं असे. मागावं लागत नसे. मला हात पुढे करायलाही सवड मिळत नसे.

त्या दिवाळीत मला खेडच्या अलीकडच्या एका गावात प्राथमिक शाळेवर नेमणूक मिळाली. मुलाखतीत एका गृहस्थांनी माझ्या हाताकडे पाहून विचारलं होतं, बोरू तासता येतो का? आजच्या वाचकांसाठी सांगते, बोरू म्हणजे एक पोकळ काडी. तिचं टोक तिरकं कापायचं, मधोमध बारीक चीर द्यायची आणि शाईत बुडवून लिहायचं. अक्षर वळणदार व्हावं म्हणून खालच्या वर्गात तेव्हा बोरूनंच कित्ता गिरवून घेत, आणि मुलांचे बोरू तासून देणं हे मास्तरांचं काम असे. मी म्हटलं, येतो. ते खरंही होतं. मी घरी विळीवर तासायची. पाट पायाखाली दाबायचा आणि काडी पात्यावर ओढायची, एका हाताचं काम. पण वर्गात विळी मांडून बसणार कशी? आणि घरात जो एक चाकू होता त्याच्या पात्याला नखाएवढी खाच. एका हातात मूठ धरायची, दुसऱ्या हाताच्या नखानं पातं ओढायचं. माझ्यासाठी तो जन्मभर मिटलेलाच.

अण्णांनी त्यावर तोड काढली होती. दर रविवारी ते बोरूंचा जुडगा तासून एस.टी.च्या कंडक्टरबरोबर खेडला पाठवणार होते. मी विचारलं, मधल्या वारी टोकं मोडली तर?  रुजू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळीच त्यांनी कोट चढवला आणि म्हणाले, निघायचंच आहे तर एक दिवस आधी निघू, वाटेत चाकू बघू. आईनं भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. पोरीच्या सामानात चाकू कशाला, हे तिनं शेजारणीच्या तोंडून वदवून घेतलं, स्वतः विचारलं नाही.

पहिला थांबा पिंपरी कॅम्प. चिंचवडहून आम्ही पायीच गेलो, सामानाची ट्रंक अण्णांच्या खांद्यावर. कॅम्पात तेव्हा सिंधमधून आलेल्या लोकांची दुकानं नव्यानं उभी राहत होती. अर्धी पत्र्याची, अर्धी गोणपाटाची. पण माल असा, की पुण्याच्या पेठांत मिळणार नाही तो इथे मिळावा. कुलपं, कात्र्या, फण्या, कापडाचे तागे, सगळं एकाच फळीवर. अशा एका दुकानात काचेच्या पेटीत चाकू मांडलेले दिसले आणि माझे पाय तिथेच थांबले. तोवर चाकू म्हणजे चाकू एवढंच मला ठाऊक होतं. इथे शिंगाच्या मुठीचे होते, पितळी कडेचे होते, शिंपल्यासारखी चमकणारी मूठ असलेला एक इवलासा होता.

दुकानदार वयस्क होते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आपल्या मराठीहिंदीत त्यांनी मला चाकू कसा बघायचा ते मन लावून दाखवलं. पातं उघडून डावीउजवीकडे हलवायचं. हललं तर खिळा ढिला, तो चाकू घ्यायचा नाही. मिटल्यावर पात्याचं टोक मुठीबाहेर डोकावतं का ते बोट फिरवून पाहायचं, नाहीतर पिशवी फाटते. धार आज किती आहे याला फारसा अर्थ नाही, दगडावर पुन्हा लागते का हे महत्त्वाचं, आणि त्यासाठी विकणाऱ्याला आधी घासून दाखवायला सांगायचं. त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच आहे, आणि ते मला त्या पत्र्याच्या दुकानात मिळालं.

मी एकेक चाकू उजव्या हातात घेऊन पाहिला. अंगठ्यानं पातं ढकलून पाहिलं, मूठ मांडीखाली दाबून पाहिली, शेवटी दातांनी ओढून पाहिलं. तेव्हा अण्णा रस्त्यावरची टांग्याची घोडी बघत राहिले. मग दुकानदारांनी खालच्या खणातून एक लांबट चाकू काढला. त्याला बटण होतं. दाबलं की कमान सुटायची आणि पातं खाड्‌कन बाहेर. मी दाबलं. उघडला. अगदी माझ्या एका हातानं उघडला. मला इतका आनंद झाला की मी अण्णांना लगेच हाच घ्या म्हणून सांगितलं. दुकानदार मात्र मान हलवत होते.

"खोलना आसान है बेटी," ते म्हणाले. "अब बंद करके दिखा."

मला बंद करता आला नाही. कमान दाबून धरायला एक हात लागतो, पातं वळवायला दुसरा. शिवाय, त्यांनी अण्णांना हळूच सांगितलं, असला चाकू शिक्षिकेच्या पिशवीत सापडला तर पोलीस आधी प्रश्न विचारतील. हातात आलेलं गिऱ्हाईक त्यांनी असं परत पाठवलं. वर आम्हाला चहा पाजला. उघडा राहिलेला तो चाकू त्यांनी मिटवून खणात ठेवला आणि मी उपाशी माणसानं ताट उचललेलं पाहावं तशी पाहत राहिले.

पिंपरीहून चाकणला जायचं तर आधी भोसरी गाठावी लागे, कारण नाशिकची एस.टी. तिथून जाई. आज त्या वाटेवर कारखान्यांच्या भिंती आणि सिग्नल आहेत. तुम्ही कधी तिथल्या रहदारीत अडकलात तर डोळे मिटून दोन्ही बाजूंना ज्वारी उभी करा, कणसं भरत आलेली, आणि मधून एक मातीची चाकोरी. आम्हाला भोसरीपर्यंत एका शेतकऱ्याच्या रिकाम्या बैलगाडीत जागा मिळाली.  वाटेत अण्णा म्हणाले, रविवारी बोरू पाठवण्याचं काही त्यांना जड नाही. मी म्हटलं, मला ठाऊक आहे. त्यापुढे आम्ही दोघं बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकत बसलो. राग नव्हता. पण ते मला सोडायला निघाले होते आणि त्यांच्या हाताला काहीतरी काम उरायला हवं होतं, हे मला तेव्हा अर्धंच कळत होतं.

एस.टी.त उभं राहूनच गेलो. मोशीजवळ इंद्रायणी ओलांडताना बसमधल्या बायकांनी आळंदीच्या दिशेनं हात जोडले. तिथून पुढे माळ, मग कांद्याची रोपं लावलेले वाफे, आणि वाऱ्यावर कांद्याचा वास आला की समजायचं चाकण आलं.

त्या दिवशी चाकणचा बाजार होता. किल्ल्याच्या पडक्या तटाच्या अलीकडे माणूसच माणूस. कांद्याच्या गोणी, दोरखंड, घोंगड्या, मडकी, आणि तेलात तळणाऱ्या भज्यांचा धूर. आम्ही एका झाडाखाली बसून आईच्या भाकऱ्या सोडल्या आणि बाजारातली गरम भजी त्याबरोबर खाल्ली. आण्या-दोन आण्यांत दोघांचं पोट भरलं. विळे, खुरपी, कोयते विकणारे बरेच होते. घडीचा चाकू एकाकडेही नव्हता. एका म्हातारबांनी तर अण्णांना विचारलं, पोरगी मास्तरीण हाय व्हय, मग छडी घ्या की, चाकू कशापायी?

भाकरी खाता खाता माझं लक्ष समोर गेलं. झाडाच्या दुसऱ्या बाजूला एक न्हावी पोत्यावर बसला होता. गिऱ्हाइकाची हनुवटी त्यानं डाव्या हातानं वर धरली होती, आणि उजव्या हातानं वस्तरा उघडला. नुसत्या उजव्या हातानं. मी घास तसाच धरून राहिले. त्यानं गालावरून वस्तरा फिरवला, मिटला, बाजूला ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा उचलला आणि पुन्हा तसाच उघडला. वस्तऱ्याच्या पात्याला मुठीच्या मागे एक वाकडी शेपटी असते. करंगळीनं ती शेपटी दाबली की पातं आपोआप वर येतं. मी जन्मभर न्हावी पाहिले होते, अण्णांची दाढी घरी येऊन करणारा न्हावीही पाहिला होता. शेपटी मात्र त्या दिवशी दिसली.

मी उठून त्याच्यापाशी गेले आणि वस्तरा हातात द्याल का म्हणून विचारलं. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं माझ्याकडे बघत राहिलं. न्हाव्याला आधी काही कळेना. अण्णांनी येऊन समजावलं तेव्हा त्यानं पेटीच्या तळातून एक जुना वस्तरा काढून दिला, धारेला खड्डे पडलेला. मी करंगळी शेपटीवर ठेवून दाबली. पातं हललं, थोडं अडकलं, मग उघडलं. मांडीवर पात्याची पाठ टेकवून ढकललं, तर मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. अण्णा शेजारी उभे होते. त्यांचे दोन्ही हात पुढे आले होते, पातं निसटलं तर झेलायला, आणि तसेच हवेत थांबले होते.

"ही शेपटी चाकूला बसवून मिळेल का?" मी त्यांना विचारलं.

"चाकूला कशाला," ते म्हणाले. "वस्तऱ्याचाच चाकू करू."

हे त्यांना सुचलं. ही गोष्ट मी सांगते तेव्हा लोक सगळं श्रेय मला देतात, म्हणून मुद्दाम लिहिते. दाढीच्या पात्याची धार कागदासारखी पातळ असते, बोरूवर ती तुटेल. पण ती पातळ धारच घासून काढली तर पाठीकडचं जाड पोलाद उरतं. कारखान्याच्या फाटकावर बसून अण्णांनी आत काम करणाऱ्यांचं बोलणं वर्षानुवर्षं ऐकलं होतं, ते असं कामी आलं. न्हाव्यानं तो मोडका वस्तरा भज्यांच्या भावात दिला.

बाजाराच्या टोकाला एक लोहार आणि त्याची बायको काम करत होती. तो ऐरणीवर, ती भात्यावर. लोहारानं वस्तरा उलटासुलटा पाहिला आणि परत केला. असलं नाजूक काम आपलं न्हाई, म्हणाला, आमी नांगराचे फाळ करतो. बायकोनं भाता थांबवला. तिनं विचारलं, चाकू कुणाला हवाय? मी म्हटलं, मला. तिची नजर माझ्या डाव्या हातावर गेली आणि तिथेच थोडी थांबली. बहुतेक लोक तिथून नजर चटकन काढून घेतात. तिनं काढली नाही.

"घासायचंच हाय न्हवं," ती नवऱ्याला म्हणाली. "भट्टीत न्हाई घालायचं. ठेवा, मी घासते सांच्याला."

मग तिनं माझा उजवा हात मागितला, तळवा आपल्या तळव्यावर ठेवून बोटांची लांबी पाहिली आणि मुठीत वस्तरा धरायला लावला. करंगळी कुठे पोचते ते बघितलं. शेपटी थोडी वाकवून घ्यावी लागेल, एवढंच म्हणाली. तेवढं काम लोहारानं कुरकुरत का होईना लगेच करून दिलं.

रात्री आम्ही चाकणातच अण्णांच्या एका जुन्या सोबत्याच्या घरी राहिलो. पिठलं, ज्वारीची भाकरी आणि ठेचलेला कांदा. चाकणला गेलात तर कांदा चिरून नव्हे, बुक्कीनं फोडून खा.

सकाळी लोहाराच्या झोपडीशी गेलो तर बाई वाटच बघत होती. पात्याची रुंदी निम्म्यावर आली होती. टोक गोल घासलं होतं, पोरांमदी वावरायचं म्हून, असं तिनं सांगितलं. शिंगाच्या मुठीला तिनं तेल लावलं होतं. मी खिळा हलवून पाहिला, टोक डोकावतं का ते बोटानं पाहिलं, कॅम्पातल्या दुकानदारांनी शिकवलं होतं तसं. मग करंगळीनं शेपटी दाबली. सरळ उघडला. मुठीत धरला की शेपटी आपोआप तळव्यात अडकायची आणि पातं बोटांवर मिटायची भीती राहायची नाही. बाईनं तिच्या झोपडीच्या कुडाची एक काडी ओढून माझ्यापुढे धरली. मी कापली. तिनं कापलेला भाग उन्हाकडे धरून पाहिला आणि तो चुलीत टाकला.

चाकणहून खेडच्या वाटेवर भामा नदी लागते. ती ओलांडली आणि थोड्याच वेळात आम्ही माझ्या गावच्या फाट्यावर उतरलो. शाळा म्हणजे देवळाची ओवरी. हेडमास्तर उंच, करड्या मिशांचे, बोलायला कमी. त्यांनी माझा हुकूम वाचला, हात पाहिला, आणि एका मुलीचा बोरू माझ्यापुढे ठेवला. टोक बसलेलं होतं. ओवरीतली सगळी मुलं वळून बसली. अण्णा पायरीवर ट्रंकेशेजारी उभे होते.

मी खाली बसले. बोरू पाटीवर ठेवून डाव्या तळव्याखाली दाबला. चाकू उघडला. पहिला काप फार खोल गेला आणि काडी उभी चिरली. ओवरीत कुणीतरी हसलं. हेडमास्तरांनी तिकडे पाहिलं नाही, दुसरा बोरू दिला. या वेळी मी पातं तिरकं धरलं, पाठ अंगठ्यानं दाबत नेली, आणि टोकावर अगदी हलकी चीर दिली. त्यांनी तो दौतीत बुडवला, पाटीशेजारच्या कागदावर एक 'श्री' काढला आणि कागद मुलांकडे फिरवला. जाड रेघ जाड, बारीक रेघ बारीक.

"उद्यापासून पहिलीचा वर्ग तुमचा," ते म्हणाले.

मी पायरीकडे पाहिलं. अण्णा तिथे नव्हते. ते मला फाट्यावर सापडले, एस.टी.ची वाट बघत, डोळ्यांवर उन्हाची तिरीप आल्यासारखा हात धरून. रविवारच्या बोरूंचं त्यांनी नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. बस आली तेव्हा म्हणाले, नाताळच्या सुट्टीत ये, आई वाट बघेल.

सुट्टीत मी चिंचवडला एकटी परतले, त्याच रस्त्यानं उलट. भोसरीपासून चालत, सामान कमी होतं. आमच्या चाळीत चाकूची बातमी आधीच पोचली होती. शेजारपाजारच्या बायका तो बघायला आल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाईहून गुळाची ढेप आली, गोणपाटात शिवलेली. अण्णा सुतळीशी थोडा वेळ झगडले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सुमे, तुझा चाकू दे बरं जरा."

मी मिटलेलाच चाकू त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी सवयीनं नख लावायला खाच शोधली. खाच नव्हती. दुसऱ्या हातानं पातं ओढून पाहिलं, ते बोटांतून निसटलं. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी.

"ओढू नका अण्णा," मी म्हटलं. "शेपटी दाबा. करंगळीनं."

त्यांनी करंगळी ठेवली, चुकीच्या जागी. मी ती उचलून नीट ठेवून दिली. चाकू उघडला. सुतळी कापायच्या आधी त्यांनी तो मिटला आणि पुन्हा एकदा स्वतः उघडून पाहिला.